रानडुकराचं वजन

या, अशा जवळ येऊन बसा. दरवेळी कोटाची बटणं लावून दारातच उभं राहायचं आणि "काकू, बस चुकेल" म्हणायचं, ही कुठली येण्याची तऱ्हा? बस दुसरी येते. मागच्या खेपेला तुम्ही जाता जाता विचारलंत, खाली कानाच्या यंत्रांचं दुकान आहे तिथे आधी काय होतं, आणि उत्तर ऐकायच्या आत जिना उतरून गेलात. असं अर्धवट विचारून जाऊ नये. माणसाच्या पोटात गोष्ट राहून जाते.

तर तिथे बंदुकीचं दुकान होतं. आणि दुकानात मालकीणबाईंनी ठेवलेला तो विक्रेता होता.

त्याची लकब आधी सांगते. काउंटरवर दोन्ही कोपरं टेकायचा, डावीकडे बघायचा, उजवीकडे बघायचा. दुकानात चिटपाखरू नसलं तरी बघायचा. मग एका बोटाने डोळ्याखालची कातडी जरा खाली ओढायची आणि आवाज उतरवून म्हणायचं, "उंटर उन्स." म्हणजे आपल्या आपल्यात सांगतो. त्याच्यापुढे जे यायचं ते सगळं खोटं.

असे विक्रेते तुम्हीही पाहिले असतील. साडीच्या दुकानात नाही का सांगत, बाई, रंग गेला तर दुकान तुमच्या नावावर करतो. पण साडीचा रंग गेला म्हणून कुणाला पोलीस धरत नाहीत.

दोन हजार साल उलटून गेलं होतं, त्यानंतरची ही वर्षं. हे तेव्हा शेजारच्या गावी गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर होते आणि आम्ही ब्राउनश्वाइगला याच घरात, पहिल्या मजल्यावर. माझी शाळा कऱ्हाडला दहावीत संपली. जर्मन मी वर्गात बसून शिकले नाही. बेकरीत शिकले, बसस्टॉपवर शिकले, आणि बरीचशी या माणसाकडून शिकले, कारण आम्ही घरात नसलो की पोस्टमन आमची पार्सलं त्याच्या दुकानात ठेवून जायचा. पार्सल आणायला खाली जायचं म्हणजे एक थाप ऐकून यायचं, असा तो हिशेबच होता.

काउंटरच्या वर भिंतीवर रानडुकराचं मुंडकं होतं. काचेचे डोळे, पिवळे सुळे, एका कानाला कसर लागलेली. पहिल्यांदा मेतकुटाचं पार्सल घ्यायला गेले तेव्हा त्याने ते दाखवून सांगितलं, हे हार्त्सच्या डोंगरात मारलं. अंगावर धावून आलं, बंदूक अडकली, तर मी नुसत्या आवाजाने थांबवलं आणि मग मारलं. वजन? माझ्याइतकं.

गणपतीच्या सुमारास पुन्हा गेले, तेव्हा डुक्कर दोन माणसांइतकं झालं होतं. नाताळात ते छोट्या मोटारीइतकं झालं. हे ऐकून म्हणाले, "अजून एक वर्ष थांब. त्याला नंबरप्लेट लावावी लागेल."

ह्यांना त्याचा फार राग. मला नुसता कंटाळा यायचा, पण इंजिनिअर माणसाला थाप सहन होत नाही, विशेषतः आकड्यांची. एकदा त्याने सांगितलं, अमुक एका पिस्तुलाची गोळी लागली की माणूस उडून दहा मीटर मागे पडतो. हे म्हणाले, "मग झाडणाराही तेवढाच मागे पडायला हवा."

त्याने डोळ्याखालची कातडी ओढली. "उंटर उन्स, ते इतर देशांत. जर्मन काडतूस वेगळं असतं."

हे वर येऊन अर्धा तास खोलीत फेऱ्या मारत होते. "न्यूटनला सीमेवर अडवलं म्हणजे यांनी," असं काहीतरी पुटपुटत.

गोळी नळीतून सुटली की आधी वर चढते, असंही तो सांगायचा. हरणाला बंदुकीच्या तेलाचा वास तीन गावांवरून येतो, पण या बाटलीतलं तेल वापरलं तर येत नाही. अमुक चाकू घेऊन झोपलं तर माणूस चालत्या पावलांवरून चोर ओळखतो. गिऱ्हाइकं मुंडी हलवायची. मी खूप वेळा विचार केला, हा माणूस थापा का मारतो? विकायला मारतो म्हणावं तर न विकतासुद्धा मारायचा. मला काय विकणार होता? मी मेतकूट घेऊन जात होते. आत काही नसलेल्या माणसाला सारखं काहीतरी भरत राहावं लागतं, एवढंच मला कळलं.

इथवर आपण हसून सोडून देऊ. पुढचं सोडण्यासारखं नव्हतं.

आमच्याकडे दसऱ्याची एक पद्धत पडली होती. इथल्या युनिव्हर्सिटीत शिकणारी आपली पोरं यायची, आणि प्रत्येकाने आपापलं हत्यार आणायचं. तलवारी कुठल्या आल्यात? ह्यांचं व्हर्निअर, कुणाचा कॅल्क्युलेटर, कुणाचं सोल्डरिंग आयर्न. एकाने सायकलचा पंप आणला होता, त्याच्या मते त्याची सगळी पीएचडी त्या पंपावर चालली होती. माझी विळी. पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं आणि सोनं म्हणून समोरच्या लिंडनच्या झाडाची पानं वाटायची. ऑक्टोबरात ती अशी पिवळीधमक होतात की आपट्याच्या पानांना लाज वाटावी.

त्या वर्षी दसरा शनिवारी धरला होता. शलाका म्हणून एक मुलगी यायची, सांगलीची, इथे पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला. हसरी, पण त्या महिन्यात जरा उतरलेली वाटत होती. सगळ्यांचं मांडून झाल्यावर तिने पाठीवरची सॅक उघडली, रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि माझ्या विळीशेजारी ठेवलं.

काळं पिस्तूल.

"काकू, हेही शस्त्रच ना," ती म्हणाली. "खरं तर पाटावर आज हे एकच खरं शस्त्र आहे."

पोरं हसली. मी कुंकवाचं बोट तसंच वर धरून उभी.

ह्यांनी चष्मा नीट केला. "खरं आहे का गं हे?"

"नाही हो काका. नुसता आवाज येतो आणि डोळ्यांना झोंबणारा गॅस. गोळी सुटत नाही. पण दिसायला अगदी खऱ्यासारखं आहे, म्हणून समोरचा घाबरतो. खालच्या दुकानातून घेतलं."

"खालच्या?" मी विचारलं.

"तुमचं पार्सल आणायला तुम्ही मला पाठवलं होतं ना, तेव्हा. ते म्हणाले, वरच्या बाईंनीही माझ्याकडूनच घेतलंय, त्यांच्या पर्समध्ये कायम असतं. मग मला धीर आला."

माझ्या पर्समध्ये गोळ्या असतात हे खरं. खोकल्याच्या.

हळूहळू सगळं बाहेर आलं. इन्स्टिट्यूटमधून घरी येताना ओकर नदीच्या काठच्या वाटेवर दोनदा कुणीतरी तिच्या मागून चाललं होतं. ती थांबली की तोही थांबायचा. तिने हे आईला सांगितलं नाही, कारण आईने सांगलीहून "परत ये" म्हटलं असतं. मला सांगितलं नाही, कारण मला काळजी वाटली असती. सांगितलं ते त्या खालच्याला. त्याने कोपरं टेकून नीट ऐकून घेतलं म्हणे. मग डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि कपाटातून हे काढलं.

"बाळगायला परवाना लागतो गं याला," हे म्हणाले. "कायदा बदललाय नुकताच, पेपरात आलं होतं. घरात ठेवलं तर ठीक. रस्त्यावर घेऊन निघालं की गुन्हा."

"नाही काका, मी विचारलं होतं. ते म्हणाले, फ्राय आब आख्त्सेन. खोक्यावर छापलेलंच आहे."

या फ्रायने घात केला. आपल्याला फ्राय म्हटलं की बांगडा आठवतो. इथे फ्राय म्हणजे मोकळं, कसली आडकाठी नाही. अठरा वर्षांच्या पुढे मोकळं. पण काय मोकळं? विकत घ्यायला मोकळं, खिशात घालून हिंडायला नव्हे. त्याने अर्धं सांगितलं आणि अर्धं गिळलं. मुलीचं जर्मन बेताचं, तिने फ्राय ऐकलं आणि सॅकमध्ये टाकलं.

तिने सॅककडे बघितलं. "मी पंधरा दिवस हे घेऊन लायब्ररीत बसतेय, काकू."

आणि सोमवारी ती ट्रेनने कायझर्सलाउटर्नला निघाली होती, कॉन्फरन्सला. आता तुम्हीही इथे राहता, तुम्हाला काय सांगायचं. ट्रेनमध्ये पोलीस चढले की सगळा डबा सोडून कुणाचे कागद आधी बघतात? तिचे दोनदा बघून झाले होते. त्यांनी सॅक उघडायला लावली असती तर? त्याच आठवड्यात तिची आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीत, अपॉइंटमेंट होती, व्हिसा वाढवून घ्यायची. तीन वर्षांचं काम, आईने नातेवाइकांना सांगून ठेवलेलं डॉक्टर होणं, सगळं त्या रुमालात बांधलेलं होतं.

मी हात धुतले. चिवड्याचा डबा रिकामा केला, पिस्तूल त्यात घातलं, झाकण लावलं.

"अगं, तू कुठे निघालीस?" हे म्हणाले.

"खाली. दुकान चारपर्यंत उघडं असतं."

"मी येतो."

"तुम्ही नका येऊ. तुम्ही न्यूटन काढाल."

आमच्या जिन्यातून दुकानाचं मागचं दार होतं, रस्त्यावर जावंच लागलं नाही. मी पुढे, शलाका मागे. आत एक म्हातारं जोडपं दुर्बिणी बघत होतं. मला बघताच याचा चेहरा उजळला.

"आ, फ्राउ नाखबारिन!" शेजारीणबाई, असं तो मला म्हणायचा. मग त्या जोडप्याकडे वळला. "हीच ती, मघाशी सांगत होतो. हिच्या वडिलांनी हत्तीवर बसून वाघ मारले. अशा घरातली बाई, आणि हत्यार घेते ते माझ्याकडून."

म्हातारीने माझ्या साडीकडे आदराने बघितलं. म्हणजे हे किती दिवस चाललं होतं कोण जाणे. मी वर भाकऱ्या थापत होते आणि खाली माझ्या नावावर पिस्तुलं खपत होती.

"माझ्या वडिलांची पिठाची गिरणी होती," मी म्हटलं. "त्यांनी उंदीर मारले. तेही पिंजरा लावून."

"उंटर उन्स," तो म्हाताऱ्याला म्हणाला, "फार नम्र लोक असतात हे."

मी चिवड्याचा डबा काउंटरवर ठेवला आणि झाकण काढलं. पिस्तुलावर शेवेचे दोन तुकडे आणि एक शेंगदाणा पडला होता.

"या मुलीला तुम्ही काय सांगितलंत?"

"फ्राय आब आख्त्सेन. छापलेलं आहे."

"घ्यायला फ्राय, की बरोबर बाळगायला?"

त्याने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. "आल्झो, असं बघा, फ्राउ नाखबारिन. कायदा गुंडांसाठी असतो. तरुण मुलीला कोण अडवतंय? आणि उंटर उन्स, पोलीस स्वतः सुट्टीच्या दिवशी हेच खिशात ठेवतात. माझे मित्र आहेत सगळे."

"वा," मी म्हटलं. "मग एक काम करा. हे तुमच्या कोटाच्या खिशात घाला आणि माझ्याबरोबर कोपऱ्यावरच्या पोलिसांत चला. तिथे तुमच्या मित्रांना दाखवू. ते चालेल म्हणाले तर मी इथून अजून एक घेते, माझ्या पर्ससाठी."

तो हसला. मी हसले नाही. शलाकाही नाही.

"दुकान सोडून कसं येणार? मालकीणबाईंचा नियम आहे."

"आम्ही थांबतो की," म्हातारा म्हणाला. दुर्बीण त्याच्या हातातच होती. "आम्हाला काही घाई नाही. जा तुम्ही."

"गेनाऊ," म्हातारी म्हणाली. म्हणजे अगदी बरोबर.

मग त्याला गुडघा आठवला. डुकराने धडक दिलेला गुडघा. चालवत नाही म्हणे. आता त्या डुकराला तर त्याने आवाजाने थांबवलं होतं, ते धडकलं कधी? आम्ही सगळे नुसते त्याच्याकडे बघत होतो. वरून ते कसर लागलेलं मुंडकंही बघत होतं. पोलीस चौकी दुकानाच्या दारातून दिसत होती, समोरच्या कोपऱ्यावर. हार्त्सचे डोंगर पालथे घालणाऱ्या त्या शिकाऱ्याला तेवढा रस्ता ओलांडता येईना.

शेवटी त्याने पिस्तूल उचललं, शेंगदाणा झटकला आणि ते काउंटरच्या खाली सारलं. शलाकाकडे न बघता बारीक आवाजात म्हणाला, "ती घाबरली होती. काहीतरी द्यायला नको?"

त्याच्या तोंडून उंटर उन्सशिवाय आलेलं ते मी ऐकलेलं पहिलं वाक्य. पण मला तेव्हा दया आली नाही, आणि आजही फारशी येत नाही. घाबरलेल्या मुलीला काय देतात? तुरुंगात नेणारं खेळणं देतात?

"दुकान बंद करून तिला घरापर्यंत पोचवायचं," मी म्हटलं. "फ्राय आहे ते. कुठल्याही वयाला."

डबा उचलला आणि वर आले.

सोमवारी शलाका नुसते कपडे आणि कॉम्प्युटर घेऊन ट्रेनमध्ये बसली. त्याच आठवड्यात व्हिसाही वाढवून मिळाला. आणि त्या वाटेचं म्हणाल तर ह्यांनीच ठरवून टाकलं. कारखान्यातून आले की चहा घ्यायचा, मोठी बॅटरी घ्यायची आणि इन्स्टिट्यूटच्या फाटकाशी जाऊन उभं राहायचं. ती म्हणायची, "काका, थंडीत कशाला हो?" हे म्हणायचे, "डॉक्टरांनी चालायला सांगितलंय." डॉक्टरांनी असं काही सांगितलं नव्हतं. थाप ती पण थापच, पण बघा किती फरक असतो.

जानेवारीत ह्यांना ताप आला. मी शाल घेऊन निघणार, तेवढ्यात खिडकीतून शलाका येताना दिसली. आणि तिच्या मागे, बरंच अंतर ठेवून, तो. दोन्ही हात खिशात, छाती पुढे काढलेली, दर झाडाशी मान वळवून बघत, जणू ओकरच्या काठी रानडुकरांचे कळप बसलेत. मी खाली धावले. शलाका म्हणाली, "काकू, त्यांनी मला विचारलं होतं, मागून आलो तर चालेल का. मी चालेल म्हटलं." गुडघा अगदी ठीक होता त्याचा.

मला वाटलं, चला, माणसाने जन्मात एक खरं काम केलं. रात्री ह्यांना तसं म्हटलंही.

दुसऱ्या दिवशी पार्सल आणायला खाली गेले तर तो कोपरं टेकून एका गिऱ्हाइकाला सांगत होता, "उंटर उन्स, काल नदीवर पाच जण होते. नुसत्या आवाजाने पळवले." त्या वाटेवर त्या संध्याकाळी बदकांशिवाय कुणी नव्हतं. मला बघून तो थांबला. कान लाल झाले. मग म्हणाला, "चार असतील."

तेवढी एकच कपात त्याने माझ्यासमोर केली.

दुकान पुढे दोन-तीन वर्षांनी बंद झालं. तो त्याआधीच कधीतरी उत्तरेकडे, बहिणीकडे राहायला गेला होता. निरोप घ्यायला वर आला नाही, आणि मीही वाट बघितली नाही. सामान हलवायला मालकीणबाई स्वतः आल्या होत्या, हडकुळ्या, सरळ बोलणाऱ्या. मी त्यांना चहा नेऊन दिला आणि सहज विचारलं, त्या डुकराला खरंच त्याने मारलं होतं का?

त्या खळखळून हसल्या. "त्याने? त्याच्याकडे शिकारीचा परवानासुद्धा नव्हता. परीक्षेला दरवर्षी बसायचा आणि दरवर्षी पक्ष्यांत नापास व्हायचा. घार कुठली, ससाणा कुठला, ते कळायचंच नाही. हे मुंडकं तर आमच्याही आधीचं आहे. इथे खाटकाचं दुकान होतं, त्याने भिंतीवरच सोडून दिलं. धरता का जरा? मला दार उघडायचंय."

त्यांनी ते माझ्या हातात दिलं. मी दोन्ही पाय घट्ट रोवून, कंबर सावरून घेतलं. छोट्या मोटारीइतकं डुक्कर, काय सांगावं.

आत भुसा होता. आमच्या गिरणीतल्या रिकाम्या सुपाएवढंही वजन नव्हतं त्याला.

ते हातात घेऊन मी फुटपाथवर किती वेळ उभी होते. जाणारे-येणारे बघत होते. आणि काय सांगू, मला त्याचे ते लाल झालेले कान आठवले, "चार असतील" म्हणतानाची. मग बाईंनी गाडीचं दार उघडलं आणि मी ते मागच्या सीटवर ठेवून दिलं, सुळे काचेला लागणार नाहीत असं.

झालं. प्या चहा, गार झाला असेल. शलाका आता हॅम्बुर्गला असते, तिची मुलगी मला फोनवर जर्मनमध्ये रागावते. आणि तुम्ही इतके जवळ राहून महिनोन् महिने फिरकत नाही. पुढच्या आठवड्यात या, थालीपीठ करते. अंधार पडल्यावर निघणार असाल तर फक्त आधी फोन करा. हे बॅटरी घेऊन स्टॉपवर येतील.